अनुसूचीत नाव आले, पदरात काय पडले?

११ एप्रिलची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी लागत नाही. १८२७ साली याच दिवशी महात्मा जोतिराव फुले यांचा जन्म झाला. वस्तीत सकाळी प्रतिमेला हार घातला जातो, संध्याकाळी व्याख्यान होते आणि तिथूनच १४ एप्रिलची लगबग सुरू होते. याच तारखेला जगभर पार्किन्सन दिन पाळला जातो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. लंडनच्या होक्स्टन भागातले डॉक्टर जेम्स पार्किन्सन ११ एप्रिल १७५५ रोजी जन्मले. १८१७ मध्ये त्यांनी थरथरणाऱ्या लकव्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात सहा माणसांची हकीकत आहे आणि त्यातली तीन तर त्यांनी रस्त्यावर पाहिलेली होती. पुढे फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी या आजाराला पार्किन्सनचे नाव दिले. वैद्यकाच्या पुस्तकात एवढेच असते. पण हाच माणूस ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने गरिबांच्या बाजूने आणि मताधिकारासाठी पत्रके लिहीत असे. १७९४ मध्ये राजाविरुद्धच्या कथित कटाच्या प्रकरणात त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे जबाब द्यावा लागला होता. म्हणजे माणूस आपल्याच पंगतीतला!

जोतिरावांनाही १८८८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पुरा केला. पक्षाघात आणि पार्किन्सन हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची सरमिसळ मी करीत नाही. परंतु अंथरुणाला खिळलेले शरीर घराची शिल्लक कशी खाऊन टाकते, हे दोन्हीकडे सारखेच. १८९० मध्ये मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांना पत्र लिहून फुले दांपत्यासाठी मदतीची विनंती करावी लागली. ज्याने सारे आयुष्य समाजाला दिले, त्याच्या आजारपणात एका राजाच्या दातृत्वाकडे पाहण्याची वेळ आली. आज महाराजे नाहीत. संविधान आहे, कायदे आहेत. तेव्हा आज एखाद्या कष्टकऱ्याला पार्किन्सन झाला तर त्याला दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून काय मिळते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दीड वर्षापूर्वी माझ्या कार्यालयात एक दांपत्य आले. नवरा एका नगरपालिकेत कायम सफाई कामगार, वय ५४. बायको चार घरची धुणीभांडी करणारी. त्यांनी ‘जयभीम साहेब’ म्हणून एक कागद पुढे केला. ती कारणे दाखवा नोटीस होती. कामावर दारू पिऊन येणे, झोकांड्या खाणे, मुकादमाने विचारले असता नीट उत्तर न देणे, असे तीन आरोप. मी वाचत असताना गृहस्थ काही बोलले, पण आवाज इतका खोल की मला दोनदा विचारावे लागले. ते सांगत होते, ‘साहेब, वीस वर्षं झाली धम्मात आलो त्याला. पंचशील घेतलं त्या दिवसापासून थेंब शिवला नाही.’ त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि चेहऱ्यावर राग, दुःख काहीच उमटत नव्हते. चेहरा जणू गोठलेला.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरतो, शरीर ताठरते, हालचाल मंदावते, पाऊल अडखळते, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो. बुद्धी शाबूत असलेला माणूस पाहणाऱ्याला झिंगलेला वाटतो. पांढरपेशा वस्तीतला निवृत्त साहेब असा चालला तर लोक हात देतात. खराटा घेतलेला आपला माणूस असा चालला तर मुकादम ‘प्यायलाय’ असे लिहून मोकळा होतो. आजाराला जात नसते असे डॉक्टर म्हणतात, ते खरेच आहे. पण आजारी माणसाकडे पाहणाऱ्या डोळ्यांना जात असते, हे ती नोटीस वाचून मला पुन्हा एकदा कळले.

रोगाचे नाव कळायलाच या घराला दोन वर्षे लागली होती. आधी गल्लीतल्या डॉक्टरने अशक्तपणा म्हणून इंजेक्शने दिली. मग खांदा आखडला म्हणून शेक घेतला. एका नातेवाइकाने करणी केली असेल म्हणून सांगितले. घर धम्मातले, तरी आईचे मन घाबरले आणि एका बाबाकडे दोन हजार गेलेच. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, पण भीती कायद्याने जात नाही, निदानाने जाते. आणि निदान करणारा मेंदूविकारतज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरातच बसतो. शेवटी मोठ्या सरकारी रुग्णालयात रांग लावून नाव मिळाले.

मी वहिनींना विचारले, खर्च किती येतो? त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. गोळ्यांना महिन्याला सुमारे अठ्ठावीसशे. रुग्णालयात जायला बस चढवत नाही, म्हणून रिक्षा, जाऊन-येऊन सहाशे. इथपर्यंत कोणीही सांगेल. पण त्या पुढे म्हणाल्या, ‘दोन घरची कामं सोडली, तीन हजार तिथं गेले. सकाळी यांची कापडं, बटणं, आंघोळ, चहा भरवणं, यातच नऊ वाजतात, तर बाई कामाला ठेवील का?’ गेल्या वर्षभरात नवऱ्याच्या ऐंशीहून जास्त दिवसांच्या बिनपगारी रजा झाल्या. मुलगा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता, तो कॉलेज सोडून सामान पोहोचवायच्या कामाला लागला. मुलीचे स्थळ आले होते, पाहुण्यांनी बापाचा हात पाहिला आणि पुन्हा फिरकले नाहीत. हा आजार बहुतेक रुग्णांत आनुवंशिक नसतो, हे पाहुण्यांना कोण सांगणार?

आता या हिशेबात गोळ्या किती आणि बाकीचे किती, ते वाचकांनीच पाहावे. अमेरिकेत २०१७ सालचा पार्किन्सनचा सारा बोजा मोजला गेला, तो ५,१९० कोटी डॉलर निघाला. त्यातले २,६५० कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक, दवाखान्याच्या बाहेरचे होते. बुडालेली मजुरी, अकाली सुटलेली नोकरी, घरच्यांनी काळजी घेण्यात घालवलेला वेळ आणि असेच इतर खर्च. विमा आणि दवाखाने जिथे महागडे आहेत, तिथली ही गत. आपल्याकडे वहिनींच्या सकाळच्या चार तासांची नोंद कोणत्या वहीत होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात ८५ लाखांवर माणसांना हा आजार होता आणि पंचवीस वर्षांत त्याचे प्रमाण दुप्पट झाले. माणसे जास्त जगू लागली, तसा तो आणखी वाढणार. म्हणजे हा विषय श्रीमंतांच्या म्हातारपणाचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

कायद्याकडे येऊ. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, पार्किन्सनचे नाव त्यात नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने ही यादी २१ वर नेली. अनुसूचीत दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकारांखाली पार्किन्सनचे नाव स्पष्ट छापलेले आहे. याच कायद्याचे कलम २०, पोटकलम ४ सांगते की, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढता कामा नये की त्याचा दर्जा कमी करता कामा नये. आधीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावे, तेही शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. या कलमाच्या शब्दांत ४० टक्क्यांची अट नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी अधोरेखित करून ठेवावे. १९९५ च्या कायद्यातही कलम ४७ असेच होते. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पाय गमावलेल्या जवानाला त्याच कलमाने न्याय दिला. या कलमाच्या आधारे आम्ही नोटिशीला उत्तर दिले, निदानाचा कागद जोडला आणि दारूचा आरोप मागे घ्यावा लागला. माफी मात्र कोणी मागितली नाही.

इथेच गोष्ट संपली असती तर मी लेख लिहिला नसता. आठ दिवसांनी मुलगा एकटाच आला. म्हणाला, ‘साहेब, ऑफिसातले म्हणतात, बाबांना अनफिट करून घ्या, लाड-पागेतून तुला लावून घेऊ.’ लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगार निवृत्त झाला, मयत झाला किंवा वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला तर वारसाला नोकरी मिळते, हे आपल्या वस्त्यांत लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे पाहा. एक कायदा बापाला सांगतो, तुला कोणी काढू शकत नाही. दुसरी तरतूद त्याच घराला सांगते, बाप निकामी ठरला तर पोराचे भले होईल. बापाने हक्क वापरावा की पोरासाठी सोडावा? बेरोजगारीच्या काळात हा प्रश्न कोणत्याही घराला आतून पोखरतो. मी लाड-पागेच्या विरोधात नाही, त्या तरतुदीने हजारो घरे तगली आहेत. पण तीच गटाराची, कचऱ्याची नोकरी वारशाने मिळवण्यासाठी आजारी बापाला कागदावर निकामी ठरवावे लागणे, ही आपल्या मुक्तीची वाट आहे काय? मुलाला मी बी. ए. पुरे करायला सांगितले. वकिलाला सांगायला काय जाते, असे त्याच्या चेहऱ्यावर होते आणि त्याचे चुकले असेही मला म्हणवत नाही.

शिवाय हे गृहस्थ कायम होते म्हणून एवढे तरी झाले. कलम २०(४) शासकीय आस्थापनेच्या कर्मचाऱ्याला आहे. आज आपल्या नगरपालिकांत, महानगरपालिकांत झाडणारे हात बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराचे आहेत. ठेकेदाराच्या माणसाचा हात थरथरला की दुसऱ्या दिवशी हजेरीत त्याचे नाव नसते. नोटीसही नाही, मग उत्तर कशाला देणार? हीच गोष्ट गवंड्याची, शिंप्याची, रिक्षावाल्याची. ज्याच्या हाताच्या सफाईवर चूल पेटते, त्याचा हातच हा आजार आधी धरतो.

ठेक्यावरच्या कामगारासाठी एक दार आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपले ईएसआय. या योजनेत दीर्घ मुदतीच्या आजारांची एक यादी आहे, त्यात पार्किन्सन आहे. वर्गणीच्या अटी पुऱ्या असतील तर वाढीव आजारपण लाभाखाली मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ही योजना आकाशातून पडली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला. बाबासाहेबांच्या काळात पेरलेले हे झाड आहे, पण त्याची सावली कोणाला मिळते? ठेकेदार पगारातून वर्गणी कापतो, भरतो की नाही ते कामगाराला कळत नाही आणि आजारी पडल्यावर खिडकीवर कळते की नोंदच नाही. प्रत्येक कामगाराने आपला विमा क्रमांक मागून घ्यावा आणि वर्गणी भरली जाते की नाही हे दर सहा महिन्यांनी तपासावे. युनियनचे हेही काम आहे, मोर्चा काढणे एवढेच नव्हे.

आता अनुसूचीतल्या नावाचा दुसरा भाग. कलम ३४ नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण देते. अंधत्व व अल्पदृष्टी, बहिरेपणा, चलनवलनविषयक दिव्यांगत्व यांना प्रत्येकी एक टक्का; उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि यांतले एकाहून अधिक असणाऱ्यांना. यात पार्किन्सन कुठे आहे? कुठेही नाही. २१ जणांच्या पंगतीत नाव वाचले, पण वाढताना ताट नाही. रक्ताच्या विकारांचेही असेच. सिकलसेल अनुसूचीत आहे, तो विदर्भातल्या आपल्या आणि आदिवासींच्या किती घरांत आहे हे वेगळे सांगायला नको, आणि तोही कलम ३४ मध्ये नाही. पार्किन्सनमुळे हालचालच मंदावते, तेव्हा तो चलनवलनाच्या वर्गात धरावा, असा युक्तिवाद मी वकील म्हणून करीन. पण जो हक्क कोर्टात जाऊन भांडून मिळवावा लागतो, तो भांडायची ताकद असणाऱ्याचाच होतो. आरक्षणाच्या ओळीत कोणाचे नाव येते आणि कोणाचे सुटते, याची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार?

निवृत्तिवेतनाची कथा तीच. कलम २४ म्हणते, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत द्यावी. मोफत औषधे द्यावीत, निवृत्तिवेतन द्यावे, ज्यांना फार आधार लागतो त्यांच्या काळजीवाहकासाठी भत्ता द्यावा. वाचायला फार छान. पण कलमाच्या आरंभीच शब्द आहेत: आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत. हे शब्द ओळखीचे वाटतात ना? संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत सरकारी साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, तिथेही हीच मर्यादा आहे. मार्गदर्शक तत्त्वे निरुपयोगी आहेत अशी टीका झाली तेव्हा बाबासाहेबांनी १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितले होते की, न्यायालयात नसले तरी मतदारांपुढे सरकारला याचे उत्तर द्यावेच लागेल. ते उत्तर आपण मागितले का? मतदानाच्या वेळी आपल्या वस्तीत सभागृह, कमान, रस्ता मागितला जातो. काळजीवाहक भत्ता कोणी मागितल्याचे मी ऐकले नाही. केरळने ‘आश्वासकिरणम’ या नावाने अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांना महिना ६०० रुपयांची योजना केली. रक्कम तुटपुंजी आहे, पण बाईच्या श्रमाला शासनाच्या कागदावर जागा तर मिळाली. महाराष्ट्रात माझ्या एकाही अशिलाच्या बायकोला असा रुपया मिळालेला नाही.

आपल्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम सरसकट दीड हजार झाली. दिव्यांगांना जास्त द्या असे कायदा २०१६ पासून सांगत होता, तरी त्यांच्यासाठी अडीच हजार करण्याचा निर्णय व्हायला २०२५ साल उजाडले. उत्पन्नाची अट कुटुंबाला वर्षाला २१ हजार, दिव्यांगांसाठी ५० हजार. म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. ज्या घरात एक माणूस रोजंदारीवर महिनाभर जातो, ते घर या अटीत बसतच नाही. या योजनेत क्षयरोग, पक्षाघात, प्रमस्तिष्कघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यासारख्या’ दुर्धर आजारांनी स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचा समावेश आहे. ‘यासारख्या’ हा शब्द सोन्याचा आहे. पार्किन्सनचे नाव नाही म्हणून अर्ज परत आला तर त्याच शब्दावर बोट ठेवून लेखी उत्तर मागावे. तसेच ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हा हिशेब किती ठिकाणी मागितला जातो?

आणि ज्यांच्या जयंतीला हा पार्किन्सन दिन येतो, त्यांच्याच नावाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायचे. पार्किन्सनचा रोगी क्वचितच दाखल होतो. त्याला रोज चार-पाच वेळा, ठरल्या वेळी, आयुष्यभर गोळी लागते. लेव्होडोपा-कार्बिडोपा हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली तर ती चिठ्ठी टाकून देऊ नये, तारखेसह जपून ठेवावी. पुढे तीच पुरावा होते. श्रीमंतांसाठी मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया आहे, ती कित्येक लाखांची. तिच्याविषयी मी इथे लिहीत नाही. आधी गोळीचे पाहू.

गोळीची वेळ चुकली तर काय होते, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. शरीर लाकडासारखे होते, कूस बदलता येत नाही, पाण्याचा पेला तोंडापर्यंत जात नाही. अशा माणसाची काळजी घ्यायला घरचे कोणीच नसले तर? त्याचे उत्तर आपल्या राज्याने साऱ्या जगाला दाखवले आहे. फादर स्टॅन स्वामी, झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य घालवलेले ८३ वर्षांचे वृद्ध. भीमा कोरेगाव प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक होऊन तळोजा कारागृहात आणले गेले. पार्किन्सनमुळे त्यांना पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मिळावा म्हणून त्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यायालयात अर्ज केला. शे-दोनशे रुपयांची वस्तू. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवस घेतले आणि सांगितले की, आम्ही यांच्याकडून असे काही घेतलेलेच नाही. तो अर्ज फेटाळला गेला ती तारीख होती २६ नोव्हेंबर, संविधान दिन. मग नवा अर्ज, मग कारागृहाकडे विचारणा. २०२१ च्या मे महिन्यात त्यांनी उच्च न्यायालयाला दूरदृश्य सुनावणीत सांगितले की, आलो तेव्हा स्वतः चालत होतो, आंघोळ करीत होतो, लिहीत होतो. आता घासही दुसऱ्याने भरवावा लागतो. कोविडची लागण झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतल्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरचा खटला उभाही राहिला नव्हता, म्हणजे कायद्याच्या भाषेत ते निर्दोष गेले.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एल. मुरुगानंतम या दिव्यांग कैद्याच्या प्रकरणात कारागृहांतल्या सोयींबाबत निर्देश दिले. चांगले झाले. पण स्टॅन स्वामींना सहबंदी भरवत होते, तेच काम आज लाखो घरांत बायका करीत आहेत, आणि त्या घरांवर कोणतेही न्यायालय निर्देश देत नाही.

एक गोष्ट कारणांबद्दल, थोडक्यात. पार्किन्सन नेमका कशाने होतो हे प्रत्येक रुग्णात सांगता येत नाही. पण काही कीटकनाशके आणि पॅराक्वाटसारखी तणनाशके यांच्या संपर्काने धोका वाढतो, असे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. फ्रान्सने २०१२ मध्ये फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांचा पार्किन्सन हा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडके बांधून फवारणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणींचेही पाहा. मँगनीजच्या धुळीने पार्किन्सनसारखाच दिसणारा, पण वेगळा विकार होतो आणि नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मँगनीजचे विकार नोंदलेले होते. म्हणजे खाणकामगाराची भरपाई कायद्याने ओळखली, फवारणीवाल्याची नाही. फवारणी करणाऱ्यांची नोंदवही ठेवा, एवढी साधी मागणीही अजून आपल्या कोणत्या जाहीरनाम्यात दिसत नाही.

आपल्या चळवळीबद्दलही बोलले पाहिजे. नोकरीच्या दारापर्यंत पोहोचण्याची लढाई आपण लढलो, ती अजून संपलेली नाही. पण दारातून आत गेलेल्या पहिल्या पिढीची शरीरे आता साठी-सत्तरीला आली आहेत. बँकेतले, रेल्वेतले, पोस्टातले, गिरणीतले आपले लोक आज घरात थरथरत बसले आहेत. मुले पुण्या-मुंबईला आणि विहारात रविवारी त्यांची जागा रिकामी. कोणी चौकशीला जात नाही, कारण ते बोलले तर समजत नाही आणि चेहरा हसत नाही. ‘साहेबाला गर्व आला,’ असे त्यांच्याबद्दल बोललेले मी स्वतः ऐकले आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. रुग्ण आणि त्यांचे घरचे एकत्र येतात, व्यायाम करतात, माहितीची देवघेव करतात. असा मेळावा आपल्या विहारात महिन्यातून एकदा भरायला काय हरकत आहे? सभागृह आहे, सतरंजी आहे, चहाचे पातेले आहे. एक वकील, एक परिचारिका आणि अर्ज भरून देणारा एक मुलगा एवढेच लागेल. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जाते त्याच्या एका कोपऱ्यात हे भागेल.

त्या दांपत्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. अधिसंख्य पदाच्या मागणीसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढायला आम्ही त्यांना वैद्यकीय मंडळापुढे पाठवले. कलमात टक्क्यांची अट नसली तरी कार्यालय ४० टक्क्यांचा कागद मागते आणि सवलतींनाही तोच लागतो. मंडळापुढे जाताना वहिनींनी रोजच्याप्रमाणे गोळी दिली होती. गोळीचा अंमल होता तेव्हाच त्यांना बोलावले गेले. ते चालत आत गेले, खुर्चीवर बसले, हात वर केला. मिळाले ३५ टक्के. दोन तासांनी बाहेर रिक्षात चढताना त्यांचा पाय उचलत नव्हता, पण तेव्हा मंडळ उठलेले होते.

कलम ५९ खाली आम्ही अपील केले आहे. अपिलाच्या तपासणीची तारीख आली तेव्हा वहिनींनी मला विचारले, ‘साहेब, त्या दिवशी सकाळची गोळी देऊ नको का? म्हणजे त्यांना खरं काय ते दिसंल.’ मी गप्प बसलो. औषध चुकवा असे मी सांगू शकत नाही. औषध देऊन न्या आणि पाच टक्क्यांनी हक्क घालवा, असेही सांगवत नव्हते. शेवटी त्यांना उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवले आणि गोळीच्या अंमलात व अंमल उतरल्यावर, दोन्ही वेळची अवस्था लेखी मागितली. मंडळाला अर्ज दिला आहे की तपासणी एकाच दिवशी दोनदा घ्यावी, एकदा सकाळी, एकदा गोळीची वेळ टळून गेल्यावर. या अर्जावर अजून काही उत्तर आलेले नाही. तारीख पुढच्या महिन्याची आहे.